लॉब्स्टर रोल : सगळा कारभार पाण्याचा

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, विस्कॅसेट नावाचं छोटं गाव आहे. तिथे रूट १ नदीवरच्या पुलाकडे जातो त्या नाक्यावर रेड्स ईट्स ही लाल टपरी. उन्हाळ्यात तिच्यापुढे लागणारी रांग आणि तिथेच तुंबणारी वाहतूक, दोन्हींची ख्याती सारखीच. एवढा वेळ उभं राहून हातात काय पडतं, तर लोण्यावर भाजलेला लांबट पाव आणि त्यातून ओसंडणारं लॉब्स्टरचं मांस. सोबत वितळलेलं लोणी नाहीतर मेयोनेज. कांदा नाही, लसूण नाही, मसाल्याचं तर नावच नको. पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात 'एवढंच?' असा प्रश्न येतो, आणि किंमत पाहिली की जरा मोठ्याने येतो.

एवढंच आहे म्हणूनच घरी करताना तो बिघडतो. कालवणात मासा थोडा जास्त शिजला, थोडा पाणचट निघाला तर वाटण सांभाळून घेतं. इथे सांभाळून घ्यायला कुणी नाही. आणि बिघडलेल्या रोलची चौकशी केली तर बहुतेक वेळा गुन्हेगार एकच निघतो : पाणी. कवचातलं, पातेल्यातलं, मांसातून सुटणारं आणि शेवटी पावात मुरणारं. खाली जी कृती आहे, ती या पाण्याचा बंदोबस्त कुठे-कुठे करायचा त्याचीच आहे.

आधी कोणता रोल करायचा ते ठरवावं, कारण घराणी दोन आहेत. मेनचा रोल थंड : उकडून गार केलेलं मांस, नावापुरतं मेयोनेज. कनेक्टिकटचा गरम : मांस लोण्यात कोमट करून थेट पावात. यातला गरम रोल १९२०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या मिलफर्ड गावी पेरीज नावाच्या खाणावळीत सुरू झाला असं सांगतात. त्या राज्याचं दैव मात्र विचित्र. १९९९मध्ये लाँग आयलंड साउंड या तिथल्या खाडीत लॉब्स्टर मोठ्या संख्येने मेले आणि तिथला धंदा पुन्हा उभा राहिला नाही. म्हणजे आज कनेक्टिकटचा रोल खाताना आतला लॉब्स्टर बहुधा मेनचा नाहीतर कॅनडाचा असतो. मी इथे थंड रोल सविस्तर सांगतो. गरम रोलला शेवटी वेगळं वळण घ्यावं लागतं, ते त्या जागी.

बाजारात जाताना एक गोष्ट डोक्यात हवी. हा लॉब्स्टर म्हणजे आपली शेवंड नव्हे. याला पुढे दोन भल्या थोरल्या नांग्या असतात, आणि त्या एकसारख्या नसतात. एक जाडजूड, बोथट दातांची, शिंपले फोडायची; दुसरी सडपातळ, धारदार, फाडायची. दुकानात त्यांना रबराची कडी घातलेली असतात, ती आपल्या बोटांसाठी आणि त्याच्या शेजाऱ्यांसाठीही, कारण हे प्राणी एकमेकांना सोडत नाहीत.

वजन सव्वा पाउंडाच्या, म्हणजे साधारण ५६५ ग्रॅमच्या आसपास घ्यावं. फार लहान लॉब्स्टर मेनमध्ये मिळतच नाहीत, कारण कोळ्याच्या हातात मोजपट्टी असते. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत सव्वातीन इंच भरला नाही तर लॉब्स्टर परत पाण्यात. पाच इंचांहून जास्त भरला तरीही परत, कारण मोठी मादी भरपूर अंडी घालते. अंडी घेतलेली मादी जाळीच्या पेटीत सापडली तर तिच्या शेपटीच्या पंखाला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून तिला सोडून देतात. पुढे ती बिनअंड्यांची सापडली तरी खाच पाहून पुढचा कोळीही सोडतो. एवढं पाळूनही मेनची पकड २०१६मध्ये १३ कोटी पाउंडांवर गेली होती, ती पुढे पुष्कळ उतरली. मेनच्या आखातातलं पाणी तापतंय, ही तिथल्या प्रत्येक धक्क्यावरची चर्चा आहे.

आता पाण्याची पहिली जागा. लॉब्स्टर वाढतो तो कात टाकून. जुनं कवच सोडल्यावर तो समुद्राचं पाणी शोषून फुगतो, त्या मापाचं नवं कवच घट्ट होत जातं आणि मग आतल्या रिकाम्या जागेत मांस हळूहळू भरतं. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि एरवीची पोकळ, असं आपल्याकडे मासळीबाजारात म्हणतात. दाबून, तोलून चिंबोरी घेणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. मेनमध्ये जुलैपासून पुढे शरद ऋतूपर्यंत बाजारात येणारे बरेचसे लॉब्स्टर हे असे कोवळ्या कवचाचे असतात. पाठीच्या कडेला अंगठ्याने दाबलं की कवच दबतं. ते स्वस्त असतात, हाताने फुटतात, मांस नाजूक आणि गोड लागतं. पण पैसे मोजलेल्या वजनात पाणी बरंच असतं. टणक कवचाच्या लॉब्स्टरातून वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकं मांस निघतं, कोवळ्यातून त्याहून कमी. चार रोलसाठी साधारण ४५० ग्रॅम मांस लागतं. म्हणजे टणक असतील तर चार लॉब्स्टर, कोवळे असतील तर पाच-सहा. पाहुण्यांसाठी करायचे असतील तर मी टणक घेईन, घरच्या चौघांसाठी उन्हाळ्यात कोवळे.

लॉब्स्टर जिवंतच घ्यायचा. उचलल्यावर शेपटी आत वळवायला हवी आणि नांग्या लोंबकळता कामा नयेत. मेला की त्याच्या पोटातले पाचक रस मांसात उतरतात, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मांसाचा लगदा होऊ लागतो. घरी आणल्यावर ओल्या वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. बादलीत नळाचं पाणी भरून त्यात ठेवू नये. गोड्या पाण्यात तो मरतो.

मारण्याबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. जिवंत लॉब्स्टर उकळत्या पाण्यात टाकणं ही जुनी रीत. स्वित्झर्लंडने २०१८मध्ये आधी बेशुद्ध केल्याशिवाय असं करायला बंदी घातली, आणि ब्रिटनने २०२२च्या कायद्यात लॉब्स्टर-खेकड्यांना संवेदना असलेल्या प्राण्यांत धरलं. घरी करता येण्यासारखं एवढं : वीस-तीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून त्याला सुन्न करायचं. मग फळीवर पालथा ठेवून, डोळ्यांच्या जरा मागे पाठीच्या मधल्या रेषेवर जड सुरीचं टोक रोवायचं आणि सुरी पुढे डोळ्यांच्या मधून खाली दाबायची. ठाम हाताने, एका दमात. पाय नंतरही काही वेळ हलतात. रबराची कडी त्यानंतर काढावीत, नाहीतर पाण्याला रबराचा वास लागतो.

पातेलं मोठं हवं. चार लॉब्स्टरना दहा-बारा लिटरचं. तेवढं नसेल तर दोन-दोन करून शिजवावेत. पाणी पाऊण भांडं, आणि मीठ समुद्राइतकं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दर लिटरला दोन सपाट मोठे चमचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे पाणी आपण पिणार नाही. अळणी पाण्यात शिजवलं तर मांसातला खारटपणा पाण्यात जातो, आणि तो नंतर वरून मीठ भुरभुरून परत येत नाही. पाणी खळखळ उकळलं की लॉब्स्टर डोक्याकडून सोडायचे, झाकण लावायचं आणि त्याच क्षणी घड्याळ पाहायचं. एक पाउंडाचा टणक लॉब्स्टर आठ मिनिटं, सव्वा पाउंडाचा नऊ ते दहा, दीड पाउंडाचा अकरा-बारा. कोवळ्या कवचाचा असेल तर दोन मिनिटं कमी. मध्यावर एकदा चिमट्याने वरखाली करावे.

लाल झाला म्हणजे झाला, या भरवशावर मात्र राहू नये. जिवंतपणी त्याचं कवच हिरवट-तपकिरी, जवळजवळ काळं असतं. अॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य तेव्हाही तिथेच असतं, पण एका प्रथिनाच्या मिठीत अडकल्यामुळे निळसर-गडद दिसतं. उष्णतेने ते प्रथिन सैल पडलं की लाल रंग मोकळा होतो. हे काही मिनिटांतच घडतं, तेव्हा शेपटीचा गाभा अजून कच्चा असू शकतो. खात्री करायची तर एकाची शेपटी पिळून सोडवून पाहावी. तुटलेल्या टोकाशी मांस दुधी, अपारदर्शक दिसलं तर झालं. काचेसारखी झाक असेल तर आणखी एक मिनिट. जास्त शिजवण्याचा दंड मोठा आहे. मांसाचे तंतू आखडतात, आतला रस बाहेर पिळला जातो आणि रबर उरतं.

म्हणूनच बाहेर काढल्यावर तो आपल्याच उष्णतेत शिजत राहू नये याची तजवीज लागते. परात भरून बर्फाचं पाणी तयार ठेवावं आणि त्यातही दोन मुठी मीठ घालावं. लॉब्स्टर कवचासकट तीन-चार मिनिटं त्यात बुडवायचे, आणि लगेच काढायचे. मांस सोलून थेट गोड्या बर्फाच्या पाण्यात टाकणारे लोक आहेत. त्यांचा रोल दिसतो सुंदर, लागतो कापसासारखा.

आता मोठं काम, सोलण्याचं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरावं, खाली एक खोलगट भांडं घ्यावं, आणि शेपटी एका हातात, धड दुसऱ्या हातात धरून पिळावं. कटकन वेगळं होतं आणि पाण्याची धार लागते. कोवळा असेल तर वाटीभर पाणी सहज. हे भांड्यात धरून ठेवायचं, पुढे कामाला येईल. नांग्याही सांध्यांसकट तशाच पिळून काढायच्या.

शेपटी ओट्यावर आडवी ठेवून तळहाताने दाबली की बाजूची कवचं कडकड फुटतात. मग ती दोन्ही हातांनी उलटी उघडून मांस अख्खं ओढून काढता येतं. पाठीवर मधोमध एक चीर दिली की काळसर दोरा दिसतो, ते आतडं. कोळंबीचा दोरा काढतो तसं ते काढून टाकावं. नांगीत खरी कसोटी. आधी तिचा लहान अंगठा मागे-पुढे हलवत हळूच ओढायचा. नीट ओढला तर त्याच्याबरोबर आतली पातळ, पारदर्शक, पिसासारखी पट्टी बाहेर येते. ती आतच राहिली तर रोल खाताना दाताखाली प्लास्टिक आल्यासारखं होतं, म्हणून न आल्यास शोधून काढावी. मग जड सुरीच्या पाठीने नांगीच्या रुंद भागावर एकच घाव, आणि मांस नांगीच्याच आकारात निघून येतं. शेपटी आणि नांगी यांची मिरवणूक असते, पण माझं मत विचाराल तर सगळ्यांत चवदार मांस या दोहोंत नाही. ते नांगीला धडाशी जोडणाऱ्या दोन सांध्यांत आहे. सांध्यांची कवचं काटेरी, तिथे फोडण्यापेक्षा कात्री बरी. आणि लहान पायांसाठी लाटणं. पाय फळीवर ठेवून टोकाकडून तुटलेल्या बाजूकडे लाटणं दाबून फिरवलं की दोरीसारखं मांस बाहेर सरकतं. चार लॉब्स्टरच्या पायांचं मिळून मूठभर निघतं. ते सोलणाऱ्याने तिथेच खावं, असा माझ्या घरचा नियम आहे.

धडात हिरवट लगदा दिसेल. ते त्याचं यकृत आणि स्वादुपिंड, दोन्हींचं काम करणारं इंद्रिय. जुने शौकीन तो पावाला फासून खातात. पण पाण्यातली विषारी द्रव्यं तिथेच साठतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने तो खाऊ नये असा सल्ला दिलेला आहे. टाकून द्यावा. मादीत लालभडक गाबोळी सापडली तर ती खायला हरकत नाही. कुस्करून मांसात मिसळली तर चांगली लागते.

इथवर नेटाने आलेले बरेच जण यानंतरच्या अर्ध्या तासात घाई करतात. शेपटीचे पाऊण इंचाचे तुकडे करावेत, नांग्यांचे दोन-दोन, सांधे अख्खे. मग हे सगळं चाळणीत टाकून, खाली वाटी ठेवून, फ्रिजमध्ये अर्धा तास निथळत ठेवायचं. वाटीत जमलेलं पाणी पाहिल्यावर ते नाहीतर कुठे गेलं असतं हे सांगावं लागत नाही. त्यानंतर कोरड्या सुती फडक्यावर पसरून वरून हलकेच टिपून घ्यायचं. ओल्या मांसाला मेयोनेज चिकटत नाही. ते घसरून तळाशी जातं, मग माणूस आणखी घालतो, आणि शेवटी वाडग्यात पांढरं सार तयार होतं.

कोरड्या मांसाला मेयोनेज फार थोडं पुरतं : ४५० ग्रॅमला दोन मोठे चमचे, फार तर तीन. त्यात एक लहान चमचा लिंबाचा रस, चिमूट मिरपूड, आणि मीठ चाखून मगच. प्रत्येक तुकड्यावर पातळ थर दिसला की थांबायचं. सेलरीची बारीक चिरलेली कांडी घालावी की नाही यावर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेन-कनेक्टिकटच्या त्या भागात, घरोघरी तट पडतात. मी एक मोठा चमचा घालतो, कुरकुरीतपणासाठी. जो घालत नाही त्याच्याशी भांडत नाही. सॅलडचं पान मात्र मला पटत नाही. ते पाव भिजू नये म्हणून घालतात, पण मांस नीट टिपलं असेल तर त्याची गरज नाही, आणि टिपलं नसेल तर एका पानाने काही वाचत नाही. भारतात मिळणारं बिनअंड्याचं मेयोनेज बरंच गोड असतं. तेच वापरायचं असेल तर लिंबू थोडं वाढवून घ्यावं.

आता पाव, ज्याला बहुतेक कृती एका ओळीत उरकतात. साधा हॉटडॉगचा पाव बाजूने कापलेला असतो आणि त्याला चहूकडून साल असते. न्यू इंग्लंडचा पाव वरून कापलेला, आणि एकमेकांना खेटून भाजल्यामुळे त्याच्या दोन्ही लांब बाजू सपाट आणि बिनसालीच्या, पांढऱ्या. १९४०च्या दशकात हॉवर्ड जॉन्सन या उपाहारगृहांच्या साखळीसाठी, तळलेल्या शिंपल्यांच्या रोलकरता, मेनमधल्या एका बेकरीने तो बनवला अशी हकिकत सांगितली जाते. सपाट तळामुळे तो ताटलीत उभा राहतो, पण खरा फायदा त्या उघड्या बाजूंचा. साल लोणी पीत नाही, पावाचा गाभा पितो. दोन्ही बाजूंना मऊ लोणी फासून मध्यम आचेच्या तव्यावर दीड-दोन मिनिटं भाजलं की सोनेरी, कडक पापुद्रा तयार होतो. तो चवीला असतोच, शिवाय आतल्या ओलाव्याने पाव लगेच बसत नाही.

मांस फ्रिजमधून थेट, पाव तव्यावरून थेट. दोन्ही खोलीच्या तापमानाला आले की मजा निम्मी होते, म्हणून पाहुणे टेबलावर बसल्यावरच पाव तव्यावर टाकावा. एका पावात साधारण ११० ग्रॅम मांस, नांगीचा तुकडा वर दिसेल असा. सोबत बटाट्याचे वेफर्स आणि लिंबाची फोड, एवढीच तिकडची रीत.

गरम रोल करायचा असेल तर लॉब्स्टर पातेल्यातून एक मिनिट आधीच काढावा, कारण तो पुन्हा आचेवर जाणार आहे. आणि सोलताना भांड्यात धरून ठेवलेलं पाणी इथे लागतं. त्यातलं दोन मोठे चमचे गाळून लहान पातेलीत गरम करायचं, आच अगदी मंद ठेवून त्यात थंड लोण्याचे १०० ग्रॅमभर तुकडे एकेक करून टाकत ढवळत राहायचं. लोणी नुसतं वितळवलं तर तूप वर आणि पाणी खाली होतं. असं घोटलं तर दोन्ही एकजीव राहून दाटसर, मांसाला चिकटणारं लोणी तयार होतं. ते उकळू द्यायचं नाही, उकळलं की फाटतं. नुसतं साजूक तूप वापरून हे जमत नाही. मांस त्यात दोन-तीन मिनिटं कोमट करून झाऱ्याने पावात भरायचं, उरलेलं लोणी वरून. ज्या पाण्याला इतका वेळ हाकलत होतो, त्याला इथे मान आहे.

कोकणात किंवा मुंबईत बसून हे करायचं तर शेवंड आहे. तिला नांग्या नाहीत, म्हणून सांध्यांचं मांसही नाही. सगळा ऐवज शेपटीत. मांस अधिक घट्ट, धाग्यांचं. तुकडे पाऊण इंचाऐवजी अर्ध्या इंचाचे करावेत, आणि दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची सुटी शेपटी मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटांवर ठेवू नये. उकळताना ती गोल वळू नये म्हणून लांबीत एक बांबूची काडी खुपसावी. फार लहान शेवंड घेऊ नये. निर्यातीसाठी आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या जातीला किमान ३०० ग्रॅम वजनाची अट आहे. घरच्या खरेदीलाही तेवढं पाळायला हरकत नाही. पोटाखाली अंड्यांचे घोस असलेली तर परतच करावी. पावासाठी शोधाशोध नको. लादीपावही खेटूनच भाजलेला असतो, लादीतून सुटा केला की त्याच्या बाजू अशाच उघड्या, बिनसालीच्या. आडवा न कापता वरून चीर द्यावी, तळ शाबूत ठेवावा आणि बाजूंना लोणी लावून तव्यावर टाकावा. आकार लहान असल्यामुळे एका पावात ५०-६० ग्रॅमच मांस मावतं, तेव्हा माणशी दोन धरावेत. शेवंडीचं डोकं आणि कवचं मात्र वाया घालवू नयेत. कांदा घालून पाऊण तास मंद उकळली की त्यांचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कालवणाला चालतं, आणि त्या कालवणात हवा तेवढा मसाला घालावा.